रिकाम्या रकान्यातली जत्रा

भिकाजी मेस्त्री यांच्या दशावतार मंडळाने गेल्या हंगामात एकाच रात्री दोन गावांत नाटक केलं. हे कर्तृत्व नव्हतं, घोटाळा होता. भिकाजींनी दोन्ही गावांना 'येतंव' म्हणून शब्द दिला होता आणि दोन्ही गावांनी त्या शब्दावर मंडप घातला होता. मग अर्धं मंडळ इकडे, अर्धं तिकडे. वाटणी घाईत झाली, त्यामुळे देव सगळे एका टेम्पोत बसून गेले आणि राक्षस दुसऱ्यात. एका गावाने रात्रभर देवांचं आपसातलं बोलणं ऐकलं. दुसऱ्या गावात राक्षसांनी पृथ्वी जिंकली आणि ती परत घ्यायला कोणी आलंच नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात, म्हणून वेळ निभावली. राक्षसांच्या वाट्याला आलेलं गाव तर अजून सांगतं की असं नाटक पुन्हा झालं नाही.

पण देवांच्या गावाने तक्रार केली, आणि मिठबावला मेस्त्रींच्या पडवीत बैठक बसली. मी शेजारी, त्यामुळे मला बोलावणं लागत नाही.

भिकाजींची सून रसिका लग्नाआधी कुडाळला एका कचेरीत कामाला होती. ती म्हणाली, "मामानु, ह्या हंगामाच्या तारखो माझ्याकडे देवा. फुकटची एक साईट आसा. तारखो, कामा, लोकांचे नंबर, सगळा एका जाग्यार ऱ्हवता. सगळ्यांच्या फोनार दिसता."

"आणि भिंतीवरचा कॅलेंडर?" भिकाजींनी विचारलं.

"ता भिंतीर ऱ्हवांदे."

भिकाजी जुने राजे. चाळीस वर्षं त्यांनी मुकुट घातला, आता गुडघ्यांमुळे फक्त मालक आहेत. पण राज्य सोडताना राजा जसा थांबतो तसे ते थांबले. मग म्हणाले, "एक हंगाम घे. पण ऐक गो. वायंगवण्याची जत्रा चुकली, तर तुझी ती साईट आणि माझा मंडळ, दोनय बंद."

वायंगवण्याचं सांगितलं पाहिजे. तिथल्या पावणाई देवीच्या जत्रेत नाटक करण्याचा मान मेस्त्रींच्या मंडळाला भिकाजींच्या आजोबांपासून आहे. नाटकाचा नारळ देवळाचे मानकरी मालकाच्या हातात देतात, आणि तो नारळ मिळाला की भिकाजी वर्षभर ताठ चालतात. मान एकदा दुसऱ्याकडे गेला की परत येत नाही. जवळच दुसरं एक मंडळ आहे. त्याचे मालक दर जत्रेत चहाच्या निमित्ताने येतात, देवळाच्या पायरीवर बसतात आणि नारळाकडे बघतात. बोलत काही नाहीत. नुसतं बघतात.

तर कामाला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी लोकांचे नंबर. भिकाजींच्या फोनमधलं एकेक नाव मी मोठ्याने वाचायचं आणि रसिकाने ते आपल्या लॅपटॉपवर लिहायचं, असं ठरलं. भिकाजी झोपाळ्यावर बसून खुलासे करत होते.

साईट प्रत्येक माणसाचं नाव, आडनाव, संस्था आणि हुद्दा विचारत होती. भिकाजींच्या फोनात आडनाव कोणाचंच नव्हतं. माणूस ज्या कामाचा, ते काम त्याच्या नावापुढे. 'शिवा गुरव वायंगवणे'. 'बाबली मानकरी'. 'लवू टेम्पो'. 'लवू राक्षस'.

"लवू राक्षसाचो हुद्दो काय घालू?" रसिकाने विचारलं.

"राक्षस," भिकाजी म्हणाले. "सगळ्यात जुनो आसा. वरिष्ठ राक्षस घाल."

साईटने वरिष्ठ राक्षस विनातक्रार मान्य केला. मग रसिकाच्या नवऱ्याचं, दत्तप्रसादचं नाव आलं. तो मंडळात राण्यांची कामं करतो. रसिका क्षणभर थांबली आणि हुद्द्याच्या रकान्यात 'राणी' लिहून पुढे गेली.

मी पुढचं नाव वाचलं. "लवू नको."

"नको म्हंजे?"

"म्हंजे उचलूचो नाय," भिकाजी म्हणाले. "पडवणवाडीचो. तेंचा क्रिकेट मंडळ आसा. फायनलीच्या दिवशी रातीचा नाटक ठेवतत. दरवर्षी तारीख देतत आणि दरवर्षी बदलतत. कोणाचो भाव मुंबयसून येवचो आसता, कोणाचा पीच ओला आसता. मी कंटाळलंय. नाव बघलंय की कापतंय."

"पण मामानु, गिऱ्हाईक तां गिऱ्हाईक."

"बघ बाये. तो बदलतलो."

रसिकाने लवूला स्वतः फोन केला. लवूने गोड बोलून एकवीस डिसेंबर ही तारीख दिली आणि तिने ती साईटवर चढवली. पहिली नवी तारीख. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. काहीही पूर्ण झालं की ही साईट असे तुकडे उडवते. भिकाजींनी मान पुढे करून ते पाहिलं आणि "गुलाल काय?" असं विचारलं.

पंधरवड्यात सगळ्या घराला त्या साईटचा नाद लागला. 'गणपतीची सोंड शिवणे' हे काम दत्तप्रसादने पूर्ण केलं, तुकडे उडाले. 'मृदंगाला शाई लावून आणणे', तुकडे उडाले. भिकाजींच्या पत्नी काशीबाई यांनी सुनेकडून शिकून एक काम स्वतः घातलं: 'ह्यांका दातांच्या डाक्टराकडे धाडूचा'. ते काम अजून 'सुरू आहे' या रकान्यात आहे.

मग वायंगवण्याची पाळी आली.

बाकीच्या जत्रा तिथीवर होतात. पंचांगात तिथी बघायची, तारीख काढायची, साईटवर घालायची. वायंगवण्याची जत्रा तिथीवर होत नाही. भात झोडून झालं की मानकरी देवळात जमतात, शिवा गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो आणि देवीला एकेक दिवस विचारला जातो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात. कौल होईपर्यंत त्या जत्रेची तारीख जगात कोणाला माहीत नसते.

साईटला हे माहीत नव्हतं. रसिकाने 'वायंगवणे जत्रा' असं लिहिलं, खाली मंडळाची, देवळाच्या मानकऱ्यांची आणि गुरवाची नावं जोडली, तारखेचा रकाना रिकामा ठेवला आणि बटण दाबलं. साईटने रकाना लाल केला. तिने पुन्हा दाबलं. साईटने लाल अक्षरांत सांगितलं: तारीख आवश्यक आहे.

"काकानु, आता काय करू?" तिने मला विचारलं.

मी तिला म्हटलं, गेल्या वर्षीची घाल, मागाहून बदल. हा सल्ला मी दिला होता हे मी वायंगवण्यात कोणाला सांगितलं नाही आणि रसिकानेही सांगितलं नाही. चांगली मुलगी आहे.

तिने आठ डिसेंबर घातली. रकाना हिरवा झाला. बटणाच्या खाली बारीक अक्षरांत एक चौकोन होता, 'सर्वांना कळवा', आणि त्यात साईटने आपणहून बरोबरची खूण करून ठेवली होती. तुकडे उडाले.

त्याच क्षणी वायंगवण्यातल्या मानकऱ्यांच्या आणि गुरवाच्या फोनांवर निरोप गेला: 'वायंगवणे जत्रा, सोमवार, आठ डिसेंबर. आपण येणार का?' खाली तीन बटणं. येणार. येणार नाही. कदाचित.

दुपारपर्यंत हा निरोप गावच्या मुंबईकर मंडळींपर्यंत पोचला. मुंबईकर जत्रेच्या तारखेची वाट बघत रेल्वेच्या तिकिटांसाठी टपून बसलेलेच असतात. संध्याकाळपर्यंत निम्म्यांनी तिकिटं काढली होती आणि साईटवर 'येणार' म्हणणाऱ्यांचा आकडा वाढतच होता. सगळ्यांनी उत्तर दिलं होतं. उत्तर दिलं नव्हतं ते फक्त देवीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायंगवण्याचे पहिले मानकरी बाबली गावकर यांचा फोन आला. भिकाजींनी नाव बघून उचलला.

"भिकाजी," बाबली शांतपणे म्हणाले, "देवीची तारीख तुका कळली, आमका कळली नाय. देवी आता तुमच्याकडे रवाक इली काय?"

भिकाजी उभे राहिले. झोपाळा मागून येऊन त्यांच्या पायांना लागला, तरी ते उभेच राहिले.

"परवा कौल आसा," बाबली पुढे म्हणाले. "तू ये. तुझ्या सुनेक घेवन ये. तारीख पण विचारू आणि मानाचा पण काय तां विचारू."

फोन ठेवल्यावर भिकाजी रसिकाला काही बोलले नाहीत. राजाची भूमिका करणाऱ्या माणसाला रागावण्याची शंभर वाक्यं येतात. त्यातलं एकही आलं नाही. काशीबाईंनी पेज वाढली ती कोणी संपवली नाही. रसिकाने फक्त एवढं विचारलं, "मामानु, तुमी दरवर्षी ही तारीख कॅलेंडरार खंय लिवीत होतात?"

"लिवीत नव्हतंय," भिकाजी म्हणाले. "भात झोडून झाला की पुढचे दोन आठवडे मी कोणाकच शब्द देय नव्हतंय. तो जागो रिकामो ठेवूचो. तो देवीचो."

रसिकाने लॅपटॉप उघडला. ते दोन आठवडे तिने भरून टाकले होते. तिला ते मोकळे दिसले होते.

कौलाच्या दिवशी मी, भिकाजी आणि रसिका वायंगवण्याला गेलो. सभामंडपात सतरंजी घातली होती आणि मानकरी आपापल्या जागी बसले होते. कोणी कुठे बसायचं हे तिथे कोणी सांगत नाही आणि कोणी चुकतही नाही. दुसऱ्या मंडळाचे मालक पायरीवर होते. ते म्हणाले, सहज आलोय.

बाबली गावकर सत्तरीचे, सडपातळ, आवाज कधीच न चढवणारे. त्यांनी शिवा गुरवापासून सुरुवात केली.

"शिवा, तो निरोप इलो तेवा तू काय दाबलंस?"

"येणार दाबलंय," शिवा म्हणाला.

"कसा काय?"

"माका वाटला, तुमी कौल लावलात आणि माका सांगूक इसारलात."

"अरे मेल्या, कौल तूच लावतंस!"

"व्हय. ता मागसून ध्यानात इला."

"तुमी काय दाबलात?" मागून कोणीतरी बाबलींना विचारलं.

"मी कदाचित दाबलंय," बाबली म्हणाले. "देवीन सांगितल्याबगर मी व्हय म्हणूचंय नाय, आणि जत्रेक नाय म्हणूचंय नाय." मग ते रसिकाकडे वळले. "बाय, देवीच्या आधी तारीख कित्याक दिलंस?"

"तो रकानो रिकामो ठेवूक येणा नाय," रसिका म्हणाली. "साईट पुढे जावक देय ना."

"रकानो रिकामो ठेवूक येणा नाय?" बाबलींनी सभेकडे पाहिलं. "मगे आमी इतकी वर्सा काय ठेवतंव?"

सभा हसली नाही. भिकाजींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला, नाव बघितलं, "नको," असं पुटपुटून कापला आणि परत ठेवला.

"माझी चूक झाली," रसिका म्हणाली. "मामांची नाय. तारीख मी घातलंय. पण ती परत कोणाच्या हातसून घातली जाव नये, ह्याची येवस्था करता येता. बघतास?"

तिने फोन बाबलींपुढे धरला. बाबलींनी चष्मा लावला आणि वाचू लागले. साईटवर प्रत्येक तारखेचे तीन दर्जे होते. मालक: तारीख देऊ, बदलू आणि पुसू शकतो. सहकारी: सूचना करू शकतो. पाहुणा: फक्त बघू शकतो.

बाबलींनी ते दोनदा वाचलं. मग फोन शेजारच्या मानकऱ्याकडे दिला. त्यांनी वाचून पुढे दिला. फोन सगळ्या सतरंजीवरून फिरून परत आला, तोही बसण्याच्या क्रमानेच.

"ह्या बनवणाऱ्यांचो गाव खंयचो?" बाबलींनी विचारलं.

"म्हायत नाय. परदेशातलो असतलो."

"थंयसर पण मानपान आसा म्हणजे," बाबली म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

पुढचा सगळा वेळ त्यातच गेला. गुन्ह्याचा विषय कोणी काढेना, कारण त्याहून महत्त्वाचा विषय हाती लागला होता. मालक कोण, यावर वाद नव्हता. मालक देवी. देवीला फोन नाही, पण देवीची पाकळी शिवाच लावतो, तेव्हा नंबर शिवाचा आणि नाव देवीचं, असं ठरलं. सहकारी कोण, यावर वाद झाला. सगळे मानकरी सहकारी होणार हे मान्य होतं, पण साईट त्यांची नावं अक्षरांच्या क्रमाने लावत होती, आणि त्या क्रमात चौथ्या मानाचे अर्जुन राणे पहिल्या मानाच्या बाबलींच्या वर जाऊन बसले.

"माझी काय हरकत नाय," अर्जुन राणे लाजून म्हणाले.

"आमची आसा," बाकीचे म्हणाले.

रसिकाने प्रत्येक नावाआधी आकडा घातला. एक बाबली गावकर, दोन अमुक, तीन तमुक, चार अर्जुन राणे. नावं सरसर आपापल्या जागी गेली. सभेत समाधानाचा एक हुंकार उठला. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत ही व्यवस्था लोकांना समजवायला शिबिरं भरवतात असं ऐकतो. वायंगवण्यात शिबिर लागलं नाही. गाव पहिल्यापासून त्याच व्यवस्थेवर चाललं आहे, फक्त तिथे बटणं नव्हती.

भिकाजींच्या खिशात पुन्हा फोन वाजला. पुन्हा नाव बघून त्यांनी कापला.

"आणि भिकाजीचा मंडळ?" बाबलींनी विचारलं.

"आमी पाहुणे," रसिका म्हणाली. "फक्त बघणारे."

तिने 'मालकी द्या' हे बटण दाबलं. साईटने बजावलं की ही कृती मागे घेता येणार नाही. रसिकाने सासऱ्यांकडे पाहिलं. भिकाजींनी मान हलवली नाही, पण डोळे मिटून उघडले. तिने दाबलं. वायंगवण्याची जत्रा देवीच्या नावावर झाली आणि देवळात रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

मग कौल. शिवाने हातपाय धुऊन पाकळ्या लावल्या. बाबली उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"गे आई पावणाई, तुझ्या जत्रेची तारीख तुझ्या आधी भायर पडली, ती चूक पोरान केली, ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" सभा म्हणाली.

"तुझा नाव फोनार चढवला, त्याका राखण दी!"

"व्हय म्हाराजा!"

"जे मुंबयकर तिकिटां काढून बसले, तेंका त्येंचे पैशे परत गावांदेत!"

हे "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठं झालं.

पहिला दिवस विचारला तो आठ डिसेंबर. पाकळी डावीकडची पडली, आणि अशी पडली की ढकलल्यासारखी. पुढचे दिवस विचारत गेले. देवी घाईत नव्हती. शेवटी एका दिवसाला उजवीकडची पाकळी अलगद सुटली. शिवाने पाकळी बाबलींच्या हातावर ठेवली, धोतराला हात पुसले, फोन घेतला आणि देवीच्या नावाने तारीख घातली. सगळ्या सभामंडपात फोन किणकिणले.

एकवीस डिसेंबर.

रसिकाच्या फोनवर बाकीच्यांपेक्षा एक ओळ जास्त आली, तांबडी. ती मला दिसली. त्या दिवशी आपला दुसरा कार्यक्रम आहे. पडवणवाडी.

गप्प बसता आलं असतं. भिकाजी गप्प बसले असते. गेल्या वर्षी ते गप्प बसले म्हणूनच पृथ्वी राक्षसांकडे राहिली. मी रसिकाच्या तोंडाकडे बघत होतो.

"गावकरांनु," ती म्हणाली, "त्या राती मंडळ पडवणवाडीक शब्द देवन बसला हा. तो शब्द पण मीच दिलंय."

पायरीवरचे दुसऱ्या मंडळाचे मालक किंचित पुढे सरकले. त्यांच्या चहाचा ग्लास तोंडाजवळ थांबला.

"मगे?" बाबलींनी विचारलं. "अर्धा मंडळ हयसर आणि अर्धा थंयसर?"

"नाय. तां परत होवचा नाय." ती म्हणाली. "त्यांनी तारीख सोडली तर आमी पुरे येतंव. नाय सोडली, तर आमी खोटा बोलूचंव नाय. मान तुमी..."

भिकाजी जमिनीकडे बघत होते. आणि त्यांच्या खिशात तिसऱ्यांदा फोन वाजला. त्यांनी सवयीने काढला, सवयीने बघितला, "नको," म्हणाले आणि अंगठा उचलला.

"मामानु!" रसिका ओरडली. "कापू नको!"

सुनेने सासऱ्याला एकेरीत हुकूम केला, तोही देवळात, सभेसमोर. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. भिकाजींच्या अंगठ्याच्याही आलं नाही. तो तसाच हवेत थांबला. रसिकाने फोन घेतला, आवाज मोठा केला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"हॅलो! भिकाजीनु!" पडवणवाडीचा लवू फोनमधून ओरडला. "जितेपणी एकदा तरी फोन उचला मा! बोट दुखला माझा!"

"मी रसिका बोलतंय. काय झाला?"

"अगो बाय, ती एकवीस तारीख... आता तू रागावतलंस."

"नाय रागावणय. बोल."

"आमच्या कप्तानाचा लगीन ठरला. नेमक्या एकवीसाक. म्हणान ता पुढे ढकलूचा ठरला."

"लगीन?"

"नाय गो, फायनल! लगीन कसा ढकलतले? जानेवारीत घेवया काय? तारीख सांगतंय मी नंतर."

बाबली गावकरांनी फोनकडे वाकून, अगदी सभ्य आवाजात विचारलं, "तुमचो शब्द नक्की मा? परत बदलूचास नाय?"

"तुमी कोण?"

"मी वायंगवण्याचो बाबली गावकर. हयसर देवळात आसंव सगळे."

लवू म्हणाला, "देवळात? मगे नक्की. एकवीस आमका नको."

दुसऱ्या मंडळाच्या मालकांनी चहा संपवला, ग्लास विसळून पायरीवर पालथा घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेले. दरवर्षीसारखेच.

मानाचा कौल लावायचा राहिला होता. शिवाने पाकळ्यांकडे पाहिलं, बाबलींकडे पाहिलं.

"आता काय इचारूचा?" बाबली म्हणाले. "देवीन दिवस धरल्यान आणि त्याच दिवसाचो अडथळो तिनाच काढल्यान. अजून इचारला तर म्हणात, ह्येंका समाजणा कसा नाय."

त्यांनी ताटातला नारळ उचलला. भिकाजींनी दोन्ही हात पुढे केले. बाबलींनी नारळ त्यांच्या हातांवरून पुढे नेला आणि रसिकासमोर धरला.

"तू फक्त बघणारी," बाबली म्हणाले. "म्हायत आसा माका. पण नारळ धरूक हरकत नाय."

रसिकाने पदर पसरून तो घेतला. भिकाजींचे हात तसेच पुढे होते. त्यांनी ते मागे घेतले नाहीत, जोडले. चांगला नट हात रिकामा मागे घेत नाही.

येताना गाडीत, घाटी उतरताना, भिकाजींनी खिशातून फोन काढला आणि सुनेच्या मांडीवर, नारळाशेजारी ठेवला.

"ह्यो पण तूच धर," ते म्हणाले. "माझ्या बोटाक कापूची सवय लागली हा."

रसिकाने तिथेच फोन उघडला आणि 'लवू नको' हे नाव बदलायला घेतलं.

"तां ऱ्हवांदे," भिकाजी म्हणाले. "जानेवारीत कळतला तुका."

जानेवारीत लवूने तारीख तीन वेळा बदलली. रसिकाने तिन्ही वेळा फोन उचलला आणि नाव तसंच ठेवलं.

वायंगवण्याचं नाटक एकवीसला झालं, सगळे देव आणि सगळे राक्षस एकाच गावात हजर होते. साईटवर 'येणार नाही' हे बटण त्या निरोपावर एकानेही दाबलं नाही. निरोप देवीच्या नावाने आला होता, दाबणार कोण.

परवा मी मेस्त्रींकडे गेलो होतो. रसिका पुढच्या हंगामाच्या तारखा चढवत होती. भात झोडून झाल्यावरच्या दोन आठवड्यांपुढे तिने काहीतरी लिहिलं होतं, म्हणून मी चष्मा पुसून बघितलं. साईटला रिकामा रकाना चालत नाही, हे तिला आता पाठ झालं आहे. म्हणून तिने प्रत्येक दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: काम, रिकामं. करणार, देवी.

खाली काशीबाईंचं काम अजून 'सुरू आहे' मध्येच होतं.